चुकलेला नंबर

चष्मेवाले काका बोलण्यात फार काटकसरी. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवायचे, कानामागची काडी जराशी वाकवायचे आणि "आता?" एवढंच विचारायचे. घराची पुढची खोली हेच दुकान. खिडकीखाली काच घासायचं यंत्र, बाजूच्या भिंतीवर फोन.

एके काळी त्या यंत्रावर त्यांचा धाकटा भाऊ बसायचा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा नंबर काका वहीत उतरवायचे, धाकटा वही बघून काच घासायचा. चौदा वर्षांपूर्वी एक बाई नवा चष्मा घेऊन तावातावानं परत आल्या. तो घातला की जिना तिरका दिसतो, दोनदा पडता पडता वाचले, असं त्यांचं म्हणणं. दुकानात चार माणसं बसलेली. काकांनी वही उघडायचीही तसदी घेतली नाही. सगळ्यांदेखत धाकट्याला फैलावर घेतलं आणि शेवटी म्हणाले, "तुझ्या हाताला यशच नाही. बापाचं नाव घालवशील."

धाकट्यानं यंत्र पुसून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कपड्यांची पिशवी उचलून निघून गेला.

तीन आठवड्यांनी दुसरंच काहीतरी शोधताना ते पान काकांच्या समोर आलं. त्याला टाचलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काचेचा कोन एकशेसत्तर अंश. वहीत, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात, नुसतं सत्तर. काच वहीप्रमाणे अगदी बिनचूक घासलेली होती. काकांनी वही मिटली आणि कपाटाच्या तळाशी घातली. काकींनाही सांगितलं नाही.

त्यानंतर वर्षातून दोन-तीनदा, बहुतेक रविवारी दुपारी, फोन वाजायचा आणि पलीकडून कोणी बोलायचं नाही. काकी म्हणायच्या, चुकून लागला असेल. काकांना मात्र पलीकडच्या श्वासातली बारीक शीळ ऐकू यायची. लहानपणी एका पलंगावर झोपताना याच शिळेपायी त्यांनी धाकट्याला लाथा घातल्या होत्या. चूक माझी होती, हे तीन शब्द ओठांपर्यंत यायचे आणि तिथेच अडायचे. मोठा मी, आधी त्यानं तोंड उघडावं. मग दोघंही मिनिटभर मुके राहायचे आणि फोन बंद व्हायचा. काकी गेल्या त्या आठवड्यात तो दोनदा वाजला. तेव्हाही काकांच्या तोंडून शब्द फुटला नाही. पुढच्या वेळी बोलू, म्हणाले स्वतःशी.

घरात आता काका आणि मुलगी. ती घरूनच काम करायची आणि जुन्या कंपनीच्या इंटरनेटनं तिला रडकुंडीला आणलं होतं. मीटिंग ऐन रंगात आली की पडद्यावरचे चेहरे तोंड उघडं टाकून गोठायचे. तक्रार करायला फोन लावला की तासभर संगीत. एकदा तिच्याऐवजी काकांनी लावून बघितला आणि संगीत ऐकून त्यांचंही डोकं फिरलं. त्याच दुपारी नव्या कंपनीची विक्रेती दारात आली. फोन आणि ब्रॉडबँड एकत्र, परवा जोडून देतो, म्हणाली. फॉर्म भरता भरता तिनं विचारलं, जुनाच नंबर ठेवायचा का? त्यासाठी जुन्या कंपनीचं पत्र लागेल, तीनेक आठवडे जातील.

"त्यांचं काही नको मला," काका म्हणाले.

"बाबा, नक्की?" मुलीनं विचारलं.

"त्या नंबरावर फोन करतंय कोण?"

हे त्या विक्रेतीवर नव्हतं, जुन्या कंपनीवरही नव्हतं. रविवारचा तो मुका फोन नऊ महिने आला नव्हता आणि तो राग काकांच्या पोटात होता. जिभेवरून शब्द गेला, खाली सही झाली.

नवं इंटरनेट सुसाट निघालं. मुलगी खूश. तिसऱ्या रविवारी जेवून उठताना काकांची नजर भिंतीवरच्या फोनकडे गेली. रविवारचा तो फोन आता या घरात लागणारच नव्हता. नव्या फोनवरून त्यांनी आपला जुना नंबर फिरवला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एका बाईनं गोड आवाजात सांगितलं.

सोमवारी ते जुन्या कंपनीच्या कार्यालयात जाऊन उभे राहिले. खिडकीतल्या कारकुनानं समजावलं की तुम्ही स्वतः बंद केलेला नंबर आता मोकळ्या नंबरांच्या यादीत गेला, ज्याच्या वाट्याला येईल त्याचा. काकांनी अर्ज दिला. महिन्यानं दुसरा दिला. मग एका संध्याकाळी कपाटाच्या तळातली वही काढून मुलीपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं.

तिनं ते पान वाचून वर बघितलं. "धाकट्या काकाला हे कधीच कळलं नाही?"

"नाही."

दोघांनी शोध सुरू केला. धाकटा एका दूरच्या शहरात चष्म्याच्या दुकानात होता, एवढं एका व्यापाऱ्याकडून कळलं. तिथे विचारलं तर म्हणाले, तब्येतीमुळे सोडून गेला, पत्ता नाही.

पाचव्या महिन्यात काकांनी पुन्हा एकदा जुना नंबर फिरवला आणि घंटा वाजली. एका निवृत्त शिक्षिकेनं फोन उचलला. काकांनी अडखळत आपण कोण ते सांगितलं. माझ्यासाठी कोणाचा फोन आला होता का, असं विचारलं.

"एक फोन आला होता," त्या म्हणाल्या. "महिना झाला. आधी कोणी बोलेना. मग एक पुरुष म्हणाला, 'दादा, मी बोलतोय.' मी म्हटलं, नंबर चुकला. ते माफ करा म्हणाले आणि ठेवला."

"आवाज कसा होता?"

"दम लागल्यासारखा."

काका यंत्राजवळच्या स्टुलावर बसले. आधी कोणी बोलावं यावर बारा वर्षं अडून बसलेला माणूस जिंकूनही हरला होता. धाकटा आधी बोलला होता.

बाईंनी नवा नंबर लिहून घेतला. तो फोन पुन्हा आला तर देईन, म्हणाल्या. नंतर अधूनमधून त्या स्वतःच काकांना फोन करायच्या, काही नाही आला, एवढं सांगायला. दीड वर्षानं त्या मुलाकडे राहायला निघाल्या, तेव्हा फोन बंद करायच्या आधी त्यांनी काकांना कळवलं. दोघं मिळून कार्यालयात गेले. नावबदलाचा फॉर्म भरला. कारकून काकांना ओळखून हसला, पण शिक्का लगेच मारला.

आता काकांकडे दोन फोन आहेत. जुन्या नंबरावर बाईंचे विद्यार्थी फोन करतात. कोणाला नोकरी लागलेली असते, कोणाला मुलगी झालेली असते. काका प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकून घेतात, अभिनंदन करतात, बाईंचा नवा नंबर सावकाश सांगतात, समोरच्याकडून एकदा परत म्हणून घेतात. इतकं ते पूर्वी कोणाशी बोलले नव्हते. धाकट्याचा फोन अजून आलेला नाही.