गाव कोनचं?

समोर कागद आला की आमचे हवालदार आधी डोक्यावरची टोपी काढून त्या कागदावर ठेवायचे. कागद झाकला जायचा. मग समोरच्या माणसाकडे नीट पाहून विचारायचे, "गाव कोनचं तुह्यं?"

यात विशेष काय, असं तुम्ही म्हणाल. आमच्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूसही पहिल्यांदा हेच विचारतो. पण हवालदारांच्या टेबलापुढे उभे राहणारे सगळे परदेशी असायचे. चंद्रपूरच्या पोलीस कार्यालयात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं एकच टेबल होतं, जिन्याखाली, आणि तिथे ते बसत. त्याच खोलीत मी टायपिस्ट होते. बी.ए. झालेली, घरातली पहिली सरकारी नोकरी, त्यामुळे नाक जरा वरच असायचं. इंग्रजीची वेळ आली की हवालदार मला हाक मारायचे. "बाई, याले इच्यार."

मी विचारायची. माणूस देशाचं नाव सांगायचा. हवालदार मान हलवायचे. "देश कागदावर हाय. गाव सांग म्हना."

एकदा पक्ष्यांचा अभ्यास करणारा एक जर्मन आला. त्याने मोठ्या शहराचं नाव सांगितलं. हवालदारांचं समाधान होईना. शेवटी त्या बिचाऱ्याने आजोबांचं खेडं आठवून सांगितलं, तेव्हा कुठे टोपी उचलली गेली. वर त्याला विचारलं, "तिकडे धान पिकते काय?" भात पिकत नाही म्हटल्यावर हवालदारांना मनापासून वाईट वाटलं. त्या दिवशी त्याचा चहा त्यांनी पाजला.

त्यांचं स्वतःचं गाव चामोर्शीजवळ. जिल्हा फुटून गडचिरोली वेगळा झाला तेव्हा त्यांचं गाव पलीकडे गेलं. मी गंमत केली, "भाऊ, तुम्ही आता परजिल्ह्यातले झाले. तुमची पण नोंद करावी लागते." ते हसले नाहीत. म्हणाले, "जिल्हा हालला बाई. गाव तिथीच हाय."

मला त्यांचा राग यायचा, हे सांगून टाकते. पाच मिनिटांच्या कामाला ते अर्धी दुपार लावत, आणि तोवर माझं टायपिंग पडून राही. पण त्यांच्या टेबलावरून उठलेला माणूस रस्त्यात भेटला की लांबून हात करायचा. माझ्याकडे बघून कुणी हात केल्याचं आठवत नाही.

मिलान असाच आला. माजरीच्या कोळसा खाणीत एका परदेशी कंपनीने ड्रिलिंगची यंत्रं लावली होती, तिचा तो फिटर. युगोस्लाव्हियाचा. उंच, लाजरा, नखांत कायमचं ग्रीस बसलेला. टोपी कागदावर गेली, प्रश्न आला, आणि त्याने लगेच सांगितलं, "लिपोवाच." मग न विचारताच, "नदी है. मका है." हवालदार खूश झाले. "याले समजते," असं मला म्हणाले.

दोन वर्षांनी तो पुन्हा आला, तेव्हा सोबत कुसुम होती. माजरीच्या दवाखान्यातली नर्स, भद्रावतीकडच्या एका बौद्ध कुटुंबातली. दोघांनी नोंदणी लग्न केलं होतं. तिला सहावा महिना होता. कंपनीचं इथलं काम संपत आलं होतं आणि यंत्रांसोबत माणसंही दुसऱ्या कुठल्या वाळवंटी देशात जाणार होती. कुसुमची आई अर्धांगवायूने खाटेवर, आणि कुसुम तिची एकुलती एक. ती हलू शकत नव्हती. चंद्रपूरच्या एका वर्कशॉपवाल्याने मिलानला घ्यायची तयारी दाखवली होती. त्याला नुसता मालक बदलायचा होता.

नुसता म्हणते, पण तेच अवघड. परदेशी कामगाराला इथे राहायची परवानगी एका मालकाच्या नावावर मिळते. मालक बदलायचा तर जुन्याने हरकत नाही असं लिहून द्यायचं, आम्ही चौकशी करून अहवाल पाठवायचा, आणि दिल्लीहून मंजुरी येईपर्यंत माणसाने जुन्याच कामावर राहायचं. मध्येच काम सुटलं तर परवानगीही सुटली. मिलानचा मॅनेजर त्याच्याच मुलखाकडचा होता, पण तो काही लिहून देईना. आज बघू, उद्या बघू. चांगला फिटर कोण सोडतो?

हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे तर सालगड्यासारखंच हाय."

त्यांचे वडील सालगडी होते. वर्षाच्या बोलीवर एका मालकाकडे राबायचं, आणि पाडव्याला हवं तर मालक बदलायचा. त्यांच्या गावात त्याची एक रीत होती. गड्याने बैलाचा कासरा मालकाच्या ओट्यावर ठेवायचा, शेजारी नारळ ठेवायचा आणि हात जोडून उभं राहायचं. मालकाने नारळ फोडून अर्धा गड्याच्या हातात दिला आणि "जाय" म्हटलं की गडी मोकळा. तोपर्यंत दुसरा कोणी त्याला दारात उभं करत नसे.

"असं नारळ ठेवून मांगितलं का मालकाले नाई म्हनता येत नाई," हवालदार मिलानला म्हणाले. "लाज वाटते त्याले. तू तुह्ये पाने-हातोडे घेऊन जाजो, ओट्यावर ठेवजो, नारळ ठेवजो. बोलू नोको काई."

मी हे हिंदीत समजावून सांगितलं. मिलानने मान डोलावली. त्याला ते पटलं असावं. त्याच्याही गावात असं काही असेल.

रविवारी सकाळी हा सरळ माणूस अवजारांची पेटी आणि नारळ घेऊन मॅनेजरच्या बंगल्यावर गेला. दोन्ही पायरीवर ठेवून हात जोडून उभा राहिला. मॅनेजरने पेटीकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं, पेटी आत घेतली आणि दार लावलं. सोमवारी कंपनीने दिल्लीला कळवलं की फिटर काम सोडून गेला, अवजारं जमा केली.

त्या पत्राची नक्कल आमच्याकडे आली. मी ती वाचून हवालदारांना सांगितली. त्यांनी टोपी काढली, पण कागदावर ठेवली नाही. हातातच धरून बसले. मग म्हणाले, "नारळाचं काय केलं त्यानं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि मला म्हणाले, "बाई, तुमी संग चाला. मले त्याची भाषा येत नाई." ते धोतर नेसून आले होते. गणवेश काऊन नाई, विचारलं तर म्हणाले, "मी पोलीस म्हनून नाई चाललो."

आम्ही माजरीच्या बसने गेलो. हवालदार बंगल्याच्या पायरीखाली चपला काढून उभे राहिले. मॅनेजर बाहेर आला, थकलेला, डोळ्यांखाली काळं. तसा दुष्ट दिसत नव्हता. त्याने इंग्रजीत विचारलं, हे कोण?

हवालदार म्हणाले, "सायबाले सांगा, त्या पोराचा बाप इथी नाई. म्हनून मी आलो."

मी सांगितलं. मग त्यांनी नारळाची चौकशी केली. स्वयंपाक्याने त्याची चटणी केली होती. हवालदारांनी यावर जरा विचार केला. "म्हंजे फोडला तर खरा. पन शब्द नाई देल्ला."

आणि मग ते बोलले. ते काय बोलणार हे मला माहीत नव्हतं. मी वाक्यामागून वाक्य इंग्रजी करत गेले.

"माह्या बापानं एका पाडव्याले कासरा ठेवला. मालक मुद्दाम नागपूरले निंगून गेला होता. बाप सांजपावतर ओट्यापाशी उभा राह्यला. मंग कासरा उचलला आन कोठ्यात गेला. आनखी एक साल. माही माय आजारी होती, तिच्या माहेरी चामोर्शीले. तिथी दवाखाना होता. बापाले तिथलाच मालक भेटला होता. त्या सालात माय गेली. मी तिच्यापाशी होतो, लहान. बाप मालकाची ढोरं चारत होता, सुट्टी नाई भेटली. त्यानं जाताना पाह्यलं नाई तिले." त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं. "नारळाचं मी सांगितलं होतं सायेब. पोराची चूक नाई. त्याले सोडतो म्हना."

शेवटचं वाक्य मला धड इंग्रजीत आणता आलं नाही. मॅनेजर आत गेला. टाइपरायटरचा आवाज आला. तो बाहेर आला तेव्हा हातात सहीचा कागद होता. त्यात लिहिलं होतं की फिटरने काम सोडलेलं नाही, आपला गैरसमज झाला, आणि त्याने दुसरीकडे काम करायला कंपनीची हरकत नाही. कागद त्याने माझ्याकडे न देता हवालदारांच्या हातात दिला.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण पहिलं पत्र पुढे गेलं होतं आणि दुसरं त्याच्या मागे. पोळ्याच्या आधी हुकूम आला: परवानगी संपली, देश सोडावा. नव्या अर्जाचा विचार होईल, पण अर्जदार बाहेर गेल्यावर.

तो हुकूम बजावायचं काम त्याच टेबलाचं होतं. आमच्या साहेबांनी समजुतीने विचारलं, दुसऱ्याला पाठवू का? हवालदार नाही म्हणाले. "सांगनारा मी. मंग पोचवनारा बी मीच."

बल्लारशाच्या स्टेशनवर मीही गेले होते. कुसुम बाकावर बसली होती, हात पोटावर. ती हवालदारांना म्हणाली, "भाऊ, नारळ घेऊन जाय म्हणून तुमीच म्हटलं होतं ना?" आवाजात राग नव्हता. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती.

"हो बाई. मीच."

गाडी आली. मिलानने वाकून हवालदारांच्या पायांना हात लावला. हे त्याला कुसुमने शिकवलं असेल. हवालदारांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काही म्हणाले, ते गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. परतताना मी विचारलं. "येजो म्हटलं," ते म्हणाले. "जाय कसं म्हनू?"

दिवाळीनंतर कुसुमला मुलगी झाली. त्याच सुमारास हवालदार निवृत्त झाले आणि गावी गेले. पण चामोर्शीच्या बसने ते यायचे. दुपारचं टपाल फुटलं की खिडकीशी उभे. टोपी आता पांढरी, गांधी टोपी. ती काढून हातात घ्यायचे आणि विचारायचे, "बाई, आला काय त्या पोराचा कागद?"

"नाई भाऊ."

"बरं." मग नव्या हवालदारांच्या टेबलाकडे एकदा बघून निघायचे. मी चहा घ्या म्हणायची. ते म्हणायचे, कागद आल्यावर घेऊ.

मला ती खिडकी नकोशी झाली होती. त्यांना नाही म्हणायचा मला कंटाळा नव्हता, दुखायचं ते. उन्हाळ्यात ते यायचे थांबले. गावाकडचा एक माणूस कामाला आला होता, त्याने सांगितलं: कावीळ झाली होती. गेले.

मंजुरी त्यानंतर आली. पाकीट मीच उघडलं. वाचलं आणि खिडकीकडे पाहिलं, उगाच.

पुढच्या पोळ्याला मिलान परत आला. नोंदणीसाठी जिन्याखाली उभा राहिला, पण टेबलावर दुसरं कोणी होतं. त्यांनी भराभर कागद भरला, शिक्का मारला, मान वर केली नाही. काम पाच मिनिटांत झालं. मी इतकी वर्षं ज्यासाठी चडफडत होते ते असं दिसतं, हे तेव्हा कळलं.

मिलान माझ्याकडे आला आणि जिन्याकडे हात करून म्हणाला, "वो?" मी सांगितलं. तो खाली बसला.

त्या रविवारी आम्ही चामोर्शीच्या बसने गेलो. मिलान, कुसुम, तिच्या मांडीवर मुलगी आणि मी. गावात शिरताना मिलानने दुकानातून नारळ घेतला.

हवालदारांचं घर कौलारू, पुढे शेणाने सारवलेला ओटा. त्यांची बायको ओट्यावर तांदूळ निवडत होती. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे बोटांनीच खडे शोधत होती. खुंटीवर खाकी टोपी टांगलेली होती. मिलानने नारळ ओट्यावर ठेवला आणि हात जोडून उभा राहिला, त्या रविवारी माजरीला राहिला होता तसाच.

म्हातारीने चाहूल घेतली. हात पुढे करून नारळ चाचपला, मग तोंड आमच्याकडे केलं.

"कोन आलं? गाव कोनचं, बाबू?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याच्या आधी मिलान बोलला.

"माजरी," तो म्हणाला.

"दूर हाय." म्हातारीने सूप बाजूला सारलं. "मंग जेवूनच जाजा."