साडेसातचं विमान

आप्पांची उभी हयात शेतांवर औषध फवारणारं विमान चालवण्यात गेली. त्यामुळे विमान म्हणजे घरची सायकल, कुणी हाक मारली की थांबवायची, अशी त्यांची पक्की समजूत. थोरला मुलगा वैमानिक, धाकटा मेकॅनिक. तिघांनी मिळून नऊ जणांचं एक जुनं विमान घेतलं आणि डोंगरापलीकडच्या शहरापर्यंत रोजची फेरी सुरू केली. रस्त्यानं सहा तास लागत, विमानानं पस्तीस मिनिटं. तिकिटं, सामान, तक्रारी वगैरे उरलेलं सगळं थोरल्या सुनेच्या गळ्यात पडलं. शाळेतली गणिताची नोकरी सोडून ती पत्र्याच्या शेडमध्ये काउंटरवर बसली. प्रवासीसुद्धा तिला वहिनी म्हणत.

प्रवाशांचं काही नाही, घरच्यांनीच तिच्या नाकी नऊ आणले. विमानाची वेळ साडेसातची. सव्वासातला आप्पांचा फोन यायचा, "अगं, बँकेतले साहेब निघालेत. पाच मिनिटं थांबव." साहेब आरामात आठला उगवत. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणे, "आप्पांशी तूच बोल." दीर इंजिनात डोकं खुपसून बसे, त्याला काही ऐकूच जात नसे.

एकदा आप्पांच्या कुणा मित्रासाठी विमान पन्नास मिनिटं रखडलं. त्यात शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या, डोळ्याच्या ऑपरेशनला निघालेल्या. संध्याकाळी त्या परतल्या, तेव्हा डोळ्यावर पट्टी नव्हती. उशीर झाला म्हणून डॉक्टरांनी दुसरा पेशंट घेतला होता. पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची. बाई भांडल्या नाहीत. "पुढच्या खेपेला आदल्या दिवशी बसनं जाईन, वहिनी," एवढंच म्हणाल्या.

जेवताना वहिनी म्हणाली, "उद्यापासून साडेसातला दार बंद. कुणीही असो."

"हो, हो," आप्पा भाजी वाढून घेत म्हणाले.

तिसऱ्या दिवशी खुद्द आप्पांनाच जायचं होतं. नव्या मार्गाच्या परवानगीसाठी शहरात अधिकाऱ्यांची भेट ठरली होती. साडेसात वाजले, आप्पांचा पत्ता नाही. नवऱ्यानं कॉकपिटच्या खिडकीतून पाच बोटं दाखवली. वहिनी तरातरा खिडकीखाली गेली.

"निघा."

"अगं, आप्पा यायचेत."

"सीटवर आहेत का? नाहीत ना? मग निघा. नाहीतर उद्यापासून तिकिटंही तुम्हीच फाडा."

विमानानं जमीन सोडली आणि आप्पांची जीप फाटकातून आत शिरली. ते बराच वेळ आभाळाकडे बघत राहिले.

"मालकाला टाकून गेलं?"

"वेळेवर गेलं," वहिनी म्हणाली. "आठची बस मिळेल तुम्हाला."

आप्पा बसनं गेले. अधिकारी भेटले नाहीत, परवानगी दोन महिने लांबली. आप्पांनी सुनेशी अबोला धरला, मीठसुद्धा धाकट्याकरवी मागू लागले. गावभर मात्र गोष्ट पसरली की वहिनीनं सासऱ्यालाही सोडलं नाही. बँकेतले साहेब सात वाजताच येऊन बसू लागले. विमान वेळेवर जातं म्हटल्यावर बसचे प्रवासी वळले, वर्षाच्या आत दुसरं विमान घ्यावं लागलं. आज सहा विमानं अकरा गावांना जातात.

सहाव्या विमानाच्या समारंभात आप्पांनी भाषण ठोकलं. "पहिल्या दिवसापासून मी एकच गोष्ट पाळली," ते म्हणाले, "वेळ."

वहिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो मन लावून टाळ्या वाजवत होता.