न आलेल्या लाँचचा उशीर

आमच्या संख्याशास्त्राच्या बाईंना अपुरी बेरीज सहन व्हायची नाही. फळ्यावरच्या कोष्टकातल्या सगळ्या संभाव्यता मिळवून एक आला नाही, तर त्या खडू ठेवून द्यायच्या आणि विचारायच्या, "उरलेले कुठे गेले?" पॉइंट नऊ आलं तरी हाच प्रश्न, पॉइंट नव्याण्णव आलं तरी हाच. यावरून मुलांनी त्यांचं नाव पाडलं उरलेलेबाई. बाई बिनलग्नाच्या होत्या, म्हणून स्टाफरूममधले पुरुषही ते नाव घेऊन खिदळायचे. बाईंना ते ऐकू जायचं. पदव्या घेतलेल्या माणसांचा तो विनोद मी अजून माफ केलेला नाही.

आमचं कॉलेज खाडीकाठी. एफ.वाय.बी.कॉम.च्या वर्गात 'यादृच्छिक चल' हा शब्द फळ्यावर पडला की निम्मी मुलं खिडकीबाहेर बघायची. बाई म्हणायच्या, "शब्दाला काय घाबरता? जे जे घडू शकतं त्या प्रत्येकाला एक आकडा द्यायचा, एवढंच. पण प्रत्येकाला. आपल्या सोयीचं असेल त्यालाच नाही." आंब्याच्या पेटीत नासके किती निघतील, हे त्यांचं लाडकं उदाहरण. आम्ही लिहायचो, एकही नाही, एक, दोन, तीन, आणि थांबायचो. "आणि अख्खी पेटी नासली तर?" बागायतदाराचा मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, "बाई, आमच्याकडं तसं होत नाय." बाई म्हणाल्या, "होत नाही, की सांगत नाही?" वर्ग हसला, तोही हसला. पण तो रकाना लिहिल्याशिवाय बाई पुढे सरकल्या नाहीत.

माझ्या शेजारी कुंदा बसायची. खाडीपलीकडच्या मच्छीमारांच्या वाडीतून कॉलेजला आलेली पहिली मुलगी. सकाळी लाँचने यायची, संध्याकाळच्या लाँचने परतायची. ही लाँच एका ठेकेदाराकडे होती. लग्नसराई आली की संध्याकाळची फेरी सोडून तो वऱ्हाडं वाहायला जायचा. ना सूचना, ना दिलगिरी. पलीकडच्या मुली धक्क्यावर उभ्या. अंधार पडायचा, आणि मग ज्याला दया येईल त्याच्या घरी झोपायचं. असं दोनतीनदा झाल्यावर कुंदाचा बाप सकाळीच स्वतःची होडी घेऊन आला आणि वर्गाच्या दारात उभा राहिला.

"कुंदे, चल घरी. कालेज बास झाला."

"परीक्षा तोंडावर आली आहे, दादा," बाई म्हणाल्या.

"परीक्षा तुमची, बाय. लोकांची तोंडा आमाला बघायला लागतात."

कुंदा पुस्तकं उचलून गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पाठ्यपुस्तक उघडलं नाही. पलीकडच्या बाकीच्या मुलींना उभं केलं आणि एकेक संध्याकाळ आठवून सांगायला लावली. फळ्यावर रकाने पाडले: लाँच वेळेवर, थोडी उशिरा, अंधार पडल्यावर, आणि आलीच नाही. शेवटचा रकाना भरत भरत फळ्याच्या कडेला टेकला. वितरण म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. सरासरी एकच आकडा सांगते. माणसं कुठकुठल्या रकान्यात उभी आहेत ते वितरण सांगतं.

लाँचचा ठेका दरवर्षी नव्याने दिला जायचा, त्याची सभा होती. बाई मला घेऊन गेल्या. खुर्चीवर एक सरकारी साहेब, शेजारी ठेकेदार, आणि पाहुणे म्हणून आमचे प्राचार्य. ठेकेदार उठून म्हणाला, सरासरी उशीर फार तर पंधरा मिनिटं. साहेबांनी मान डोलावली. बाई उभ्या राहिल्या.

"ज्या संध्याकाळी लाँच आलीच नाही, तेव्हाचा उशीर किती धरलात?"

ठेकेदाराला खरंच प्रश्न कळला नाही. "बाई, लाँच आलीच नाही तर उशीर कसला? जी येते तीच उशिरा येते ना?"

सगळी सभा हसली. बाईंना हसली.

"वाट बघणारी मुलगी आली होती ना धक्क्यावर?" बाईंचा आवाज चढला. "तशी संध्याकाळ मांडायला तुमच्याकडे आकडा नाही, म्हणून तुम्ही संध्याकाळच गाळलीत. मग सरासरी सांगूच नका. किती वेळा आली आणि किती वेळा आली नाही, तेवढं सांगा."

"बाई, हा तुमचा वर्ग नव्हे," साहेब म्हणाले. प्राचार्य चहाच्या कपात बघत राहिले. ठेका त्याच माणसाला मिळाला. फेऱ्या बुडवणाऱ्याचं कौतुक आणि मोजणाऱ्या बाईची टिंगल! यालाच आपल्याकडे कारभार म्हणतात.

मी पेटले होते. घरी जाऊन जन्मातलं पहिलं पत्रक लिहिलं आणि सायक्लोस्टाइल करण्याआधी बाईंना दाखवलं. 'लाँच कधीच येत नाही' हे वाक्य त्यांनी खोडलं.

"बाई, लोकांना चीड यायला हवी."

"कधीच नाही हे खोटं आहे. तो उद्या तेवढं एक वाक्य खोटं पाडेल आणि तुझा सगळा कागद चुलीत जाईल. आहे तेवढंच लिही. आहे तेवढं पुरेसं वाईट आहे."

आज कोणतंही पत्रक छपाईला देताना मी 'सदैव', 'सर्वत्र', 'एकजात' हे शब्द आधी शोधते आणि मारते. मी आता ज्या संघटनेचं काम करते, तिथल्या पुढाऱ्यांना याचा राग येतो. येऊ दे.

मग बाई स्वतः पलीकडे गेल्या. कुंदाच्या अंगणात जाळं पसरलेलं होतं. बाप ते विणत बसला होता. हात न थांबवता त्याने विचारलं, "आनि लाँच नाय आली तं?"

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, येईल हो, काळजी करू नका. बाई म्हणाल्या, "बऱ्याचदा येणार नाही, दादा. तसं झालं की कुंदा माझ्या खोलीवर राहील. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा." खोटा दिलासा न देणारं माणूस त्याने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. कुंदा परीक्षेला बसली. पास झाली.

आणि बाईंचं काय झालं? त्यांची नेमणूक तात्पुरती होती. सुट्टी लागली तशी ती संपली, आणि ती पुन्हा करायची कुणाला गरज वाटली नाही. सभेत तोंड उघडल्याबद्दल काढलं, असं कुठल्याही कागदावर नाही. असणारही नाही. त्या आता चिपळूणकडे एका शाळेत गणित शिकवतात. आमच्या कॉलेजने त्यांना साधा निरोपाचा नारळ दिला नाही.

जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा मला वाटलं, कुंदा आता येत नाही. बाईंची खोली नाही, लाँचचं रडगाणं तेच. पण कुंदा आली. लाँच आली नाही त्या संध्याकाळी समोरून एक होडी वल्ही मारत आली. तिचा बाप. पहाटेपासून जाळ्यांवर राबलेला माणूस भरल्या खाडीत मुलीला न्यायला येत होता. धक्क्यावरचे लोक म्हणू लागले, केवढं लेकीचं कौतुक! मला संताप आला. कौतुक कसलं? ठेका एकाचा, आणि काम ह्या माणसाच्या खांद्यांनी करायचं?

मी त्याला तसं बोलूनही दाखवलं. त्याने कुंदाला हात देऊन होडीत घेतलं, वल्हं धक्क्याला टेकवलं आणि म्हणाला,

"ठेक्याची सभा यंदा कवा हाय, पोरी? माला पन बोलायचा हाय."