ताईचा एकच प्रश्न

भुतांवर माझा विश्वास नव्हता, आणि भुतांच्या मागे लागणाऱ्या शहाण्या माणसांवर तर त्याहून नव्हता. तरीही त्या रविवारी दुपारी मी पापडी गावाच्या पुढच्या त्या बंगल्यात जाऊन बसले, कारण माझ्या थोरल्या बहिणीचं कुंकू तिथे पणाला लागलं होतं.

ताईचे यजमान मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात होते. लढाईत ती बोट बुडाली. काही जण वाचले, काही गेले आणि काहींचं काहीच कळलं नाही. भावोजी त्या तिसऱ्यांतले. लढाई संपून वर्षं उलटली, तरी ताई रोज सकाळी ठसठशीत कुंकू लावायची. भटजींचं म्हणणं असं, की बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, आणि मग बायकोने कुंकू पुसायचं. पण खात्रीची खूण आधीच मिळाली तर थांबायचं कारण नाही. त्या ‘खात्रीच्या खुणे’नेच सगळा घोळ केला.

ताईच्या सासूबाईंचा मला फार राग यायचा, पण त्यांना वाईट म्हणायची काही सोय नव्हती. ताईला त्या कधी टाकून बोलल्या नाहीत. पण तिन्हीसांजेला विहिरीपाशी उभ्या राहिल्या की त्यांच्या डोळ्यांना धार लागायची. “माज्या पोराला पानी कोन देनार?” त्या म्हणायच्या. “तो तान्हेला फिरत आसंल.” क्रिया झाल्याशिवाय मुलाला पाणी पोचत नाही, आणि क्रिया झाली की सुनेचं कुंकू जातं. एकाच चुलीपाशी बसणाऱ्या या दोघी एकमेकींचा जीव नकळत खात होत्या, आणि मला दोघींची दया यायची.

तो बंगला मुंबईच्या एका डॉक्टरांचा. मधूनमधून शनिवार-रविवार त्यांच्याकडे आत्म्यांचा शोध घेणारी मंडळी उतरायची. सगळे सुटाबुटातले, चांगल्या नोकऱ्यांतले. बरोबर तापमापक, काळे दोरे, कॅमेरा असा सगळा सरंजाम. शनिवारी त्यांनी जवळच्या किल्ल्यातल्या एका पडक्या देवळात, म्हणजे फिरंग्यांच्या चर्चमध्ये, जमिनीवर पीठ पसरून ठेवलं होतं. सकाळी पिठात पावलं उठली होती मुंगसाची. त्या मुंगसावर मंडळींनी चहाचे दोन-दोन कप होईपर्यंत गंभीर चर्चा केली म्हणे.

सासूबाई आपल्या वाडीतला राजेळी केळ्यांचा घड शनिवारी तिथे पोचवायला गेल्या होत्या. ओटीवर घड टांगला, तेव्हा पाहुण्यांनी “हे कुठलं केळं? एवढं लांब?” म्हणून विचारलं आणि नाव ऐकून घेतलं. आत डॉक्टरांच्या बाईंनी सासूबाईंना ती फळी दाखवली. खाली दोन चाकं आणि एक पेन्सिल. दोघांनी तिच्यावर बोटं टेकायची, मेलेल्या माणसाला बोलवायचं आणि तो लिहितो ते वाचायचं. सासूबाईंनी तिथल्या तिथे डॉक्टरांचे पाय धरले.

रविवारी जेवणं उरकल्यावर आम्ही तिघी गेलो. डॉक्टरांनी सगळ्या खिडक्या सताड उघडायला लावल्या. “अंधारात लबाडी होते,” ते म्हणाले, आणि मला तो माणूस जरा बरा वाटला. नियमही त्यांनी कडक सांगितले. ज्यांना उत्तरं ठाऊक आहेत त्यांनी फळीला हात लावायचा नाही. घरच्यांनी भिंतीला टेकून बसायचं, ओठ हलवायचे नाहीत. मुंबईच्या दोघा गृहस्थांनी फळीवर बोटं टेकली. आमच्या घराचा वाराही त्यांना कधी लागला नव्हता.

डॉक्टरांनी भावोजींचं नाव घेऊन हाक मारली. ताईने पदर ओढून घेतला. बराच वेळ काहीच झालं नाही. बाहेर रहाटगाडग्याचा आवाज तेवढा येत होता. मग पेन्सिल करकरली.

“आपण आलात का?”

“हो.”

सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला.

“कसे गेलात?”

फळी वळली, थांबली, पुन्हा वळली. डॉक्टरांनी वाचलं, “पाणी.”

सासूबाईंच्या तोंडून असा हुंदका फुटला की मला राहवेना. “बोटीवरच्या माणसाबद्दल विचारलं तर पाणीच येणार!” मी ओरडले. “आमच्या म्हशीलासुद्धा एवढं सुचलं असतं!”

डॉक्टर चिडले नाहीत. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “याला पुरावा म्हणता येणार नाही.” मग ते ताईकडे वळले. “बाई, तुमच्या दोघांखेरीज जगात कुणाला ठाऊक नाही असं काही तरी तुम्ही विचारा. एकच प्रश्न. उत्तर चुकलं तर ते आलेले नाहीत असं आम्ही धरू. बरोबर आलं तर...” पुढचं त्यांनी गिळलं. पुढचं काय ते खोलीत सगळ्यांना कळत होतं.

ताई उठून उभी राहिली. तिची नजर फरशीवर होती. “एकटे असताना,” ती म्हणाली, “मला काय म्हणून हाक मारायचात?”

माझे कान तापले. सासूसमोर, परक्या पुरुषांसमोर हा प्रश्न! त्या काळी नवरे चारचौघांत बायकोला ‘अगं’ म्हणतानाही इकडेतिकडे बघायचे. पण याहून पक्का प्रश्न ताईला सापडला नसता.

पेन्सिल लगेच हलली. या वेळी ती थांबली नाही, घासत घासत कागदाच्या कडेपर्यंत गेली. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि वाचलं.

“राजेळी.”

फळीवरच्या दोघांपैकी एक जण खो खो हसला. “अहो, हे तर केळं! सकाळपासून तेच खातोय आपण!” बाकीचेही हसले. माझा तर जीव भांड्यात पडला.

डॉक्टर हसले नाहीत. “बाई, बरोबर की चूक?”

ताई फळीकडे पाहत होती. सासूबाई ताईकडे पाहत होत्या. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

“चूक,” ताई म्हणाली. “असं ते कधीच म्हणत नसत.”

डॉक्टरांनी पेन्सिल काढून ठेवली. “मग हे ते नव्हेत. वाटेवरचा कुणीतरी चेष्टेखोर आत्मा असावा.” सासूबाई उठल्या आणि चपला पायांत सरकवून चालू लागल्या.

परतताना त्या पुढे, आम्ही दोघी मागे. मी खुशीत होते. “बघितलंस? बायकोचं नाव विचारलं तर केळं! खुळे लेकाचे!” ताई केळीच्या कुंपणापाशी थांबली. तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

“बरोबर होतं,” ती म्हणाली. “मी अशी उंच, काडीसारखी. म्हनून राजेळी म्हनायचे.”

पण मी हार मानणारी नव्हते. मी तिचा दंड धरला आणि तिला त्या ओटीवरच्या घडाची आठवण करून दिली. सकाळपासून त्या माणसांच्या तोंडात केळं आणि डोक्यात केळं, मग पेन्सिलीतून दुसरं काय उतरणार?

“तसंच आसंल,” ती म्हणाली. “तू मला हे सांगत जा. अधूनमधून सांगत जा.”

मी सांगत गेले. माहेरपणाला आली की सांगायचे, तिच्याकडे गेले की सांगायचे. शेवटी शेवटी माझा माझ्या बोलण्यावर तिच्यापेक्षा कमी विश्वास राहिला होता.

पुढे बारा वर्षं भरली. भटजी आपणहून आले. सासूबाईंनी त्यांना चहा पाजला आणि “येवडी काय घाई हाय?” म्हणून वाटेला लावलं. पाण्यासाठी तळमळणारी ही बाई एकाएकी कशी बदलली, हे मला उलगडेना. म्हातारपणी आशा चिवट होते, अशी मी समजूत करून घेतली.

त्या वर्षी सर्वपित्रीला मी ताईकडे होते. पितरांची पानं मांडून झाली. मग सासूबाईंनी आणखी एक पान वाढलं, स्वतःच्या हाताने उचललं आणि वाडीच्या पार टोकाला, खाडीवरचा वारा येतो तिथे नेऊन ठेवलं. भात, वडे, भरलेला पाण्याचा तांब्या, आणि वर सोललेलं एक राजेळी केळं. मागच्या दारातून आम्ही दोघी बघत होतो. त्या घरात सासूच्या आणि सुनेच्या खोल्यांच्या मध्ये नुसता कारवीच्या काड्यांचा पातळ कुड होता, हे मला तेव्हा आठवलं. एकटं असताना मारलेली हाक त्या कुडापलीकडे किती वेळा गेली असेल! म्हणजे त्या दुपारी बंगल्यातच त्यांना सगळं कळलं होतं.

“कुनाचं पान ते, आत्याबाई?” ताईने विचारलं.

“कुनाचं नाय. वाटंवरच्या कुनाचं तरी.”

त्यांनी पाय धुतले, आत आल्या, कोनाड्यातला कुंकवाचा करंडा काढला आणि त्यात बोट बुडवलं. ताईने कपाळ पुढे केलं.