विरुद्ध एक हौशी खेळाडू

जगज्जेत्या बुद्धिबळपटूच्या अप्रसिद्ध डावांचं पुस्तक उघडं ठेवून आई एक डाव पटावर मांडत होती, दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळत. तिच्या तरुणपणी तो आमच्या गावात आला होता आणि टेबलांच्या रांगेपुढून फिरत, उभ्या-उभ्या एकाच वेळी सगळ्यांशी खेळला होता. हा डाव त्याचा आणि आईचा. पानावर मात्र छापलंय, ‘विरुद्ध एक हौशी खेळाडू’.

माझं डोकंच फिरलं. तिचं प्यादं न् प्यादं छापायला जागा होती, नावाला तेवढी नव्हती. त्याच्या कोटाचा रंगसुद्धा दिलाय.

“अरे, मी हरलेच ना,” आई म्हणाली. “हरणाऱ्याचं नाव कोण छापतं?”

तिच्या या समजूतदारपणाचाही मला राग आला. टाळी एका हाताने वाजत नाही, हे आपल्याला फक्त भांडणातच आठवतं. कौतुकाच्या वेळी दुसरा हात कुणाचा होता, हे विचारायचीही कुणाला गरज वाटत नाही.

आईने घोडा उचलून अडीच घरं पुढे ठेवला आणि बराच वेळ त्यावरून बोट काढलं नाही.

“ही खेळी पाहून त्याने बसायला खुर्ची मागवली होती,” ती म्हणाली.