दारावर दोन थापा

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या बाई बेल वाजवत नाहीत, दारावर दोन थापा मारतात. आवारातला खताचा खड्डा आम्ही सगळ्यांनी मिळून केलाय, पण स्वतःच्या एकटीचा असल्यासारखा त्या तो जपतात. ओल्या कचऱ्यात प्लास्टिक दिसलं की बादली दारातच. "वेगळं करा, मग नेते."

सेक्रेटरींची बादली तीन दिवस तशीच राहिली. चौथ्या दिवशी ते जिन्यात ओरडले, "तुम्हाला कचरा उचलायला ठेवलंय, शिकवायला नाही!"

बाईंनी तळहात पुढे केला. त्यावर ताजी जखम होती. "परवा भाजीच्या सालांत फुटका ग्लास होता. कोणाच्या घरचा ते मला माहितीये, नाव घेत नाही. पण मिसळलेला कचरा आता कोणाचाच नेणार नाही. काढून टाका मला."

सेक्रेटरींनी आपली बादली उचलून आत नेली. ग्लास माझा होता.

दुसऱ्या दिवशी माझ्या दारावर दोन थापा पडल्या. मी बादली पुढे केली. बाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"आज तुम्ही हात घालून दाखवा."

कचरा मीच वेगळा केला होता, तरी माझा हात थबकला.