इब्रामपूर ते चोर्ला घाट: काकीच्या व्हॅनसाठी मारलेली सायकल

शारजाच्या गोदामात मी फोर्कलिफ्ट चालवतो. एका जागी बसायचा मला भारी कंटाळा. पण यंदा सुट्टीत गोव्याला जाऊन सायकलने घाट चढायचं ठरलं ते काकीमुळे. मला तिनेच वाढवलं. आता तिला डायलिसिसला इब्रामपूरहून म्हापशाला जावं लागतं, बसने. व्हिडिओ कॉलवर हसत सांगत होती, "कंडक्टर आता वळखता माका. आदी ओकूक पिशवी दिता, मगे तिकीट." मला हसू आलं नाही.

गावात असे आणखी दोन पेशंट आहेत. शेजारच्या रामाकडे जुनी व्हॅन आहे. "वर्साच्या डिझेलाची सोय करा, फेऱ्यो मी मारतंय," तो म्हणाला. माझ्या खोलीतल्या एकाने सांगितलं की चांगल्या कामासाठी माणूस लांब सायकल मारतो आणि लोक पैसे देतात. मला आधी पटलंच नाही. माणूस घाम गाळणार, आणि पैसे तिसऱ्याला?

पण सराव सुरू केला. शारजात चढ नावाची वस्तूच नाही. म्हणून आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगचा उतार धरला. वर जायचं, खाली यायचं, परत वर. वॉचमन रोज बघायचा. एकदा न राहवून म्हणाला, "क्या ढूँढता है भाई?"

"घाट," मी म्हटलं.

गोदामातल्या पोरांनी पगार झाल्यावर थोडे थोडे दिले. गावचे मात्र म्हणाले, "चढ आदी, मगे बगू."

पहिला दिवस: इब्रामपूर ते डिचोली

आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय कोण बाहेर पडत नाही. देवापुढे नारळ ठेवायचा, एका जाणत्याने देवाला सगळं सांगायचं, आणि बाकीच्यांनी वाक्यावाक्याला होकार द्यायचा. आमच्याकडे हे काम भगवानआबांचं. आबा एकदा सुरू झाले की त्यांना ब्रेक नाही.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो सगुण सायकल घेवन भायर पडता..."

"व्हय म्हाराजा!"

"आजारी माणसांसाठी घाट चढता..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि घाट चढताना जमनीक पाय म्हणून टेकूचो नाय..."

"व्हय म्हाराजा!"

मी नितेशकडे बघितलं. नितेश माझा चुलतभाऊ, स्कूटरवर ट्यूब, पंप, पाणी आणि पैशांचा डबा घेऊन माझ्या मागून येणार होता. तो तोंडावर हात धरून हसत होता.

"आबा, ह्या कोणी सांगितल्यान तुमका?"

"तोंडातून गेला रे. आता देवान आयकला."

वाड्यावरच्यांनीही ऐकलं होतं. दारात रामाच म्हणाला, "न टेकता चढलंस तर सगळो वाडो पैशे देतलो. देवाकडचो शब्द मोडलो तर मात्र त्या कामाक कोण हात लावूचो नाय." म्हणजे व्हॅन सुटणार की नाही ते माझ्या दोन पायांवर.

धारगळपर्यंत सकाळी मस्त गारवा. तिथे हायवे लागतो. सायकलवाल्यांनी बाजूचा छोटा रस्ता धरावा, हायवेवर ट्रक अंगावर येतात. शहाळीवाल्या बाईने विचारलं, "पेट्रोल सोंपला काय रे?" मी कशासाठी चाललोय ते सांगितलं, तर शहाळ्याचे पैसे घेतले नाहीत, उलट डब्यात नोट टाकली. पुढे अस्नोड्यावरून डिचोली. डिचोलीत नितेशची सासुरवाडी, त्यामुळे मुक्कामाचा खर्च शून्य आणि जेवायला बांगड्याची कढी. तुम्हाला सासुरवाडी नसेल तर बाजारात लॉज आहेत, आधी फोन करून जा.

दुसरा दिवस: घाट

उजाडताच निघालो. साखळी, मग केरी. केरीत पातळ भाजी आणि गरम पाव पोटभर खाल्ले, खर्च किरकोळ. पाणी इथेच भरून घ्या, पुढे घाटात भरवसा नाही.

घाट सुरू झाला तसा नितेशने फोन वर धरला. वाड्याच्या ग्रुपवर थेट दाखवत होता. सगळ्यात हलका गियर टाकला आणि मान खाली घातली. पार्किंगचा उतार आठवत होतो, पण तिथे जंगल नव्हतं, आणि वळणावळणाला माकडं बसलेली नव्हती. मांड्या पेटल्या. तरी चढत होतो. नितेश मागून ओरडत होता, "अरे वाघा! अर्दो झालो!"

एका अरुंद वळणावर वरून ट्रक आला, पूर्ण माझ्या बाजूला. डावीकडे गटार. मी ब्रेक दाबला आणि पाय टेकला.

ट्रक गेला. पाय तसाच डांबरावर. नितेशने स्कूटर थांबवली. फोन अजून चालूच होता. मी सायकल कडेला लावली आणि दगडावर बसलो. काकीही बघत होती, एवढंच डोक्यात.

थोड्या वेळाने आबांचा आवाज आला, ग्रुपवरच्या मेसेजमधून. मागे घंटा वाजत होती.

"सगुणा, गाऱ्हाणां कोणी घातलां? मी. पाय टेकूचो नाय म्हणून देवाक कोणी सांगितल्यान? मीच. तू तोंड तरी उघडलंस? मगे ज्या तोंडान बांधला त्याच तोंडान सोडवूक व्हया. मी देवळात असंय, दुसरो नारळ घेवन." आणि तिथेच सुरू झाले: "बा देवा म्हाराजा! म्हाताऱ्याक बोलूचा भान रवला नाय. ट्रकाखाली जावन शब्द पाळ, असा तू काय मागूक नाय. माझी जीभ लांब, पोराचो दोष नाय. टेकललो पाय पदरात घे, आणि काम पुरा कर..."

मग ग्रुपवर एकेक उत्तर यायला लागलं. व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा. काकीचंही आलं. शेवटी रामाचं: "व्हय म्हाराजा. आता चढ मेल्या, फोनात काय बगतंस!"

छातीवरचा धोंडा उतरला. पुढचा चढ कधी संपला कळलंच नाही. वर टपरीवर चहा घेतला, दोनदा. मग परत खाली, ब्रेक धरून हात दुखले, आणि संध्याकाळी वाळपई. बाजारात शीत-कढी खाऊन जो झोपलो तो नितेशने पाणी मारलं तेव्हा उठलो.

तिसरा दिवस: घरी

साखळी, डिचोली, दोडामार्ग करत परत इब्रामपूर. वाड्यावर आबा डबा घेऊन घरोघर फिरत होते. कुणी आढेवेढे घेतले की म्हणत, "घाल, नायतर परत गाऱ्हाणां घालीन." डिझेलची सोय झाली.

माझी रजा संपायच्या आधी व्हॅनची पहिली फेरी झाली. मला विचाराल तर या रस्त्यावर जरूर जा, पावसानंतर, गियरची सायकल घेऊन. आणि पाय टेकवा बिनधास्त. गुडघे अजून कुरकुरतात, पण खरं सांगू, माझ्याजवळ राहिलं ते घाटातलं नाही. पहिल्या फेरीच्या दिवशी दुपारी मी पेज गरम करून दारात उभा होतो. व्हॅन अंगणात आली. आत काकी खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली होती. मी पुढे झालो तसा रामाने बोट ओठावर ठेवलं, इंजिन बंद केलं, आणि तिला जाग येईपर्यंत तसाच बसून राहिला.